पदक विद्यापीठाचे, दुखापत विद्यार्थ्याची!

हुबळी शहरातील गोकुळ रोड हा काही शोभेचा रस्ता नव्हे. होसूरच्या बाजूने निघून विमानतळाकडे जाणारा हा रस्ता कष्टकऱ्यांचा आणि प्रवाशांचा आहे. त्यावर मोठे बसस्थानक आहे, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय आहे, किर्लोस्कर इलेक्ट्रिकसारखा जुना कारखाना आणि त्याच्या आसपास लहानमोठ्या उद्योगांची वसाहत आहे. पलीकडच्या टोकाला विमानतळ आणि त्याच्या समोरच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लगतच्या विद्यानगरात १९४७ साली स्थापन झालेले आणि आता विद्यापीठाच्या पदास पोहोचलेले भूमरड्डी महाविद्यालय आहे. अनमोडचा घाट चढून किंवा लोंढ्यामार्गे रेल्वेने जाणाऱ्या गोवेकरास हा परिसर परका नाही. मुक्तीपूर्व काळापासून आमच्याकडील मुले उच्च शिक्षणासाठी बेळगाव-धारवाडची वाट धरीत आली आहेत. हिवाळा आला, की याच बसस्थानकावर खांद्याला मोठ्या पिशव्या अडकविलेले तरुण-तरुणींचे घोळके दिसू लागतात. कुणाच्या हाती हॉकीची काठी असते, तर कुणाच्या पाठीवर महाविद्यालयाचे नाव छापलेले असते. आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हा हंगाम.

या एका रस्त्यावर उभे राहून एक साधा प्रश्न विचारून पाहावा. येथे कुणाला इजा झाली, तर तिची जबाबदारी कुणावर? कारखान्यातील कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर त्याच्यासाठी कायदा आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ साली आला, राज्य विमा योजनेचा १९४८ साली आला, आणि आता त्यांतील तत्त्वे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली गेली आहेत. बसला अपघात होऊन प्रवासी जखमी झाला, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये त्यास न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. विमानाच्या प्रवाशासाठी १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु त्याच बसमधून उतरून महाविद्यालयाच्या वतीने मैदानावर गेलेल्या आणि तेथे गुडघा मोडून परतलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र निश्चित असे काहीच नाही. कुणी भले प्राध्यापक असले तर ते वर्गणी जमवितात, कुणी संस्थाचालक दयाळू असले तर रुग्णालयाचे देयक भागवितात. आणि तसे कुणी नसले, तर बापाने शेत गहाण टाकावे. कामगाराला, प्रवाशाला जो हक्क म्हणून मिळतो, तो खेळाडू विद्यार्थ्याला उपकार म्हणून तरी मिळेल याचीही शाश्वती नाही. पदक मिळाले तर ते विद्यापीठाचे; दुखापत झाली तर ती विद्यार्थ्याची! हा व्यवहार न्याय्य नाही, एवढेच आम्हास आज सांगावयाचे आहे.

महाविद्यालयीन खेळाडूची उपेक्षा ही आजची गोष्ट नव्हे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारा मल्ल हा एक महाविद्यालयीन विद्यार्थीच होता, याचा आपणांस विसर पडला आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा त्यांच्या खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. तेथे ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जावयाची वेळ आली, तेव्हा संस्थान विलीन झालेले होते आणि नव्या राज्यकर्त्यांच्या दारी केलेल्या याचनेचा उपयोग झाला नाही. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांस गहाण ठेवून आपल्या विद्यार्थ्याला हेलसिंकीस धाडले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. गावाने बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक काढली. मिरवणुकीनंतर या ऑलिंपिक विजेत्याने काय केले? कुस्त्यांचे फड भरवून, त्यांत स्वतः लढून, त्याने प्राचार्यांचे कर्ज फेडले.

ही कथा आपण गुरुशिष्यांच्या प्रेमाची कथा म्हणून डोळे ओले करून सांगतो, आणि तशी ती आहेही. खर्डेकरांच्या थोरवीपुढे कुणीही नतमस्तक व्हावे. परंतु ज्या व्यवस्थेत एका विद्यार्थ्याला देशासाठी खेळता यावे म्हणून त्याच्या प्राचार्याला घरावर तुळशीपत्र ठेवावे लागते, ती व्यवस्था गौरवास पात्र नव्हे. दातृत्वाच्या कथा जेथे वारंवार सांगाव्या लागतात, तेथे न्याय दुर्मिळ झालेला असतो, हे चाणाक्ष वाचकांस सांगावयास नकोच.

खाशाबांच्या कथेतील आणखी एक प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. हेलसिंकीस जपानच्या इशी या मल्लाबरोबरची दीर्घ लढत आटोपून ते आखाड्याबाहेर येतात न येतात, तोच सोव्हिएत मल्लाशी लढावयास त्यांना पुकारण्यात आले. दोन लढतींच्या दरम्यान किमान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. तो दाखवून हरकत घेण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या देहाने खाशाबा लढले आणि हरले. कांस्यपदक मिळाले खरे. पण त्याहून मोठे पदक मिळाले असते की काय, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, वर्षानुवर्षे त्याच पदावर राहिले, आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये एका अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर होण्यास त्यानंतर सोळा वर्षे जावी लागली.

हेलसिंकीचा तो प्रसंग जुना झाला, आता काळ बदलला, असे कुणी म्हणेल. त्यांनी २०२५ सालच्या जुलै महिन्यात जर्मनीत झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांचा वृत्तांत आठवावा. भारतीय विद्यापीठांच्या बॅडमिंटन संघात बारा खेळाडू होते. देशभरातून निवड चाचण्यांतून निवडले गेलेले हे विद्यार्थी. त्यांत महाराष्ट्रातीलही होते. स्पर्धेपूर्वी संघव्यवस्थापकांची बैठक होते आणि तीत खेळाडूंची नावे रीतसर नोंदवावयाची असतात. आपल्या अधिकाऱ्यांनी बारांपैकी सहांचीच नावे दाखल केली. उरलेले सहा जण जर्मनीपर्यंत जाऊनही कोर्टावर उतरू शकले नाहीत. ज्यांना उतरता आले, त्यांनी मिश्र सांघिक गटात कांस्यपदक मिळविले, हे त्यांचे कर्तृत्व. पण त्या सहा जणांची वर्षानुवर्षांची तपश्चर्या एका कागदावरील गाळलेल्या ओळीत विरून गेली. भारतीय विद्यापीठ संघाने नंतर एका अधिकाऱ्यास निलंबित केले आणि चौकशी समिती नेमली. वरातीमागून निघालेले घोडे ते!

१९५२ आणि २०२५. मध्ये त्र्याहत्तर वर्षे गेली. या काळात आपण क्रीडासंकुले उभारली, प्रशिक्षणकेंद्रे काढली, विद्यापीठांसाठी ‘खेलो इंडिया’च्या स्वतंत्र स्पर्धा २०२० पासून सुरू केल्या. आमच्या गोव्याने २०२३ साली ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे यजमानपद थाटात पार पाडले आणि त्यांत महाराष्ट्राने ८० सुवर्णपदकांसह २२८ पदके जिंकून पहिला क्रमांक मिळविला. उणीव साधनांची होती, ती थोडीफार भरून निघाली. पण खेळाडूच्या बाजूने उभा राहणारा, नियमपुस्तक हाती घेऊन त्याच्यासाठी भांडणारा आणि चूक केल्यास जाब देणारा माणूस हेलसिंकीत नव्हता, आणि जर्मनीतही नव्हता. हा दोष पैशाच्या अभावाचा नसून उत्तरदायित्वाच्या अभावाचा आहे.

यावर काही सुबुद्ध मंडळी अमेरिकेचा दाखला देतात. तेथील महाविद्यालयीन खेळाडूंनी न्यायालयात जाऊन मोठा विजय मिळविला, हे खरे आहे. २१ जून २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सर्व नऊ न्यायाधीशांच्या एकमताने निकाल दिला, की महाविद्यालयीन क्रीडासंघटनेला शिक्षणाशी निगडित लाभांवर मनमानी मर्यादा घालता येणार नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी यांवर कमाई करण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी एका संघीय न्यायालयाने सुमारे २.८ अब्ज डॉलर मागील भरपाई म्हणून देण्याची तडजोड मंजूर केली आणि महाविद्यालयांना आपल्या उत्पन्नाचा वाटा खेळाडूंना थेट देण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक संस्थेस सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर एवढी होती. हे आकडे ऐकून आपले डोळे दिपतात. परंतु तेथे दूरचित्रवाणीच्या हक्कांपोटी अब्जावधींची उलाढाल होते; आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला प्रेक्षक म्हणून राखीव खेळाडूच तेवढे असतात. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना वेतन द्यावे की नाही, हा वाद आज येथे निरर्थक आहे.

अमेरिकेच्या इतिहासातील आपणांस उपयोगी पडणारा धडा याहून जुना आहे. कोलोराडो राज्यातील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातून खेळताना रे डेनिसन नावाचा तरुण डोक्यास मार लागून १९५५ साली मरण पावला. त्याच्या विधवेने कामगारास मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली; महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. याच सुमारास तेथील क्रीडासंघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द जाणीवपूर्वक रूढ केला. खेळाडू हा नोकर ठरू नये आणि भरपाईचा प्रश्नच उद्भवू नये, यासाठी ही शब्दयोजना होती, हे त्या संघटनेचे दीर्घकालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात मान्य केले. शब्दांच्या आड जबाबदारी कशी लपविता येते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आपण असा शब्द मुद्दाम घडविला नाही. पण व्यवहार तोच ठेवला आहे. भरपाईचा विषय निघाला, की आपल्याकडील मुलगा ‘विद्यार्थी’ असतो. त्याने खेळ स्वेच्छेने पत्करला, मग त्याचे परिणाम त्यानेच भोगावेत. हजेरीचा विषय निघाला, की तोच मुलगा ‘खेळाडू’ होतो. तासाला न बसता तो मैदानावर भटकत होता, तेव्हा त्याला परीक्षेस का बसू द्यावे? दोन्ही बाजूंनी पाते असलेल्या या तलवारीची मूठ मात्र सदैव संस्थेच्या हाती.

हजेरी आणि परीक्षा यांचा हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; पण महाविद्यालयीन खेळाडूच्या आयुष्याचे सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. वार्षिक परीक्षापद्धती होती, तेव्हा परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये येत आणि खेळांचा हंगाम हिवाळ्यात संपून जाई. दोहोंमध्ये अभ्यासाला दोन महिने तरी मिळत. षण्मासिक सत्रपद्धती आल्यावर हे गणित बिघडले. पहिल्या सत्राच्या परीक्षा आता हिवाळ्यातच येतात, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धाही तेव्हाच. गोव्याचे संघ पश्चिम विभागात खेळतात, हुबळी-धारवाडचे दक्षिण विभागात. विभागीय फेरी जिंकली, तर अखिल भारतीय फेरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. शिबिर, प्रवास आणि सामने मिळून तीन-चार आठवडे सहज जातात. त्यातच अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वर्षभरच्या चाचण्यांवर आणि प्रात्यक्षिकांवर अवलंबून. जो मुलगा जितका अधिक जिंकतो, तितका तो वर्गापासून अधिक दूर राहतो; म्हणजे विजयाचीच त्याला शिक्षा होते! परत आल्यावर तो एकेका विभागप्रमुखाच्या दारात अर्ज घेऊन उभा असतो. एक जण सही देतो, दुसरा उपदेश देतो. विद्यापीठाच्या पत्राने तो गेला, विद्यापीठाच्याच रंगाचा सदरा घालून खेळला, आणि त्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागापुढे आरोपीसारखा उभा राहिला, असे हे विचित्र दृश्य आहे.

दुखापतीचे आणखी अवघड आहे. गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे ही कबड्डी, फुटबॉल, कुस्ती खेळणाऱ्यांची नित्याची व्यथा. खाजगी रुग्णालयात तिच्या शस्त्रक्रियेचा खर्च लाखाच्या घरात जातो, आणि त्यानंतर मैदानावर परत यावयास सहा ते नऊ महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, नियमित व्यायामोपचार घ्यावे लागतात. काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी सामूहिक अपघात विमा असतो. पण असा विमा बहुधा मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांचा विचार करतो. तुटलेला अस्थिबंध मृत्यूही नव्हे आणि कागदोपत्री अपंगत्वही नव्हे. एका होतकरू खेळाडूच्या भवितव्याचा तो शेवट असतो, एवढेच. खेळावर फीमाफी मिळालेल्या विद्यार्थ्याची स्थिती तर आणखी नाजूक. ही सवलत पुष्कळदा तोंडी शब्दावर उभी असते. पुढल्या वर्षी तो खेळू शकला नाही, तर ती चालू राहील काय, याचे उत्तर कुठल्याही कागदावर नसते. गरज सरो आणि वैद्य मरो, हा न्याय विद्येच्या मंदिरात तरी चालू नये.

दूर अंतरावरच्या खेड्यांतून, बेताच्या घरांतून येणारी मुलेच आपल्याकडे खेळात पुढे येतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या अन्यायाची धार अधिक जाणवते. हुबळीच्या मैदानाशीच निगडित उदाहरण घ्यावे. १९९६ साली भारतीय कसोटी संघात आलेला फिरकी गोलंदाज सुनील जोशी हा गदगचा. शाळकरी वयात तो रोज पहाटे गदगहून हुबळीस सरावाला येई आणि शाळेच्या वेळेपर्यंत परत जाई. साठ किलोमीटरच्या आसपासचे हे अंतर. बेळगावजवळच्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव हिने २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत कुराश या खेळात कांस्यपदक मिळविले. सीमाभागातील मराठी घरांना तिचा अभिमान वाटला. अशा मुलांच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो. पण त्यांच्या मागे, जी मुले पहाटेची गाडी चुकल्यामुळे, वसतिगृहात पोटभर जेवण न मिळाल्यामुळे, किंवा एका सत्रात नापास झाल्यामुळे गळाली, त्यांची नावे कुणाला ठाऊक आहेत? यशस्वी माणसाची जिद्द ही व्यवस्थेच्या निष्काळजीपणाची सबब होऊ शकत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलावयास हवी. संघनिवड, सराव, प्रवास, मुक्काम, प्रमाणपत्रावरील सही ही सारी सूत्रे एकाच प्रशिक्षकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या हाती एकवटली, तर त्या सत्तेचा दुरुपयोग होऊ शकतो. बहुसंख्य प्रशिक्षक हे सचोटीचे आणि कष्टाळू असतात, याबद्दल शंका नाही. परंतु जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला मल्लांना राजधानीतील जंतरमंतरवर बसून दाद मागावी लागली, हे आपण पाहिले. ऑलिंपिक पदक गळ्यात असलेल्या स्त्रीला ऐकून घेणारे कुणी मिळत नसेल, तर जिल्ह्याच्या संघातील अठरा वर्षांच्या मुलीने कुणाकडे जावे? लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी २०१३ चा कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती व लोकपाल नेमण्याचे २०२३ चे नियमही आहेत. कायदे आहेत, पण ते वर्गाच्या आणि कार्यालयाच्या चार भिंती डोळ्यांपुढे ठेवून अंमलात येतात. मैदान, प्रवासातला रेल्वेचा डबा आणि परगावचा मुक्काम या ठिकाणीही ते तितकेच लागू आहेत, हे खेळाडूंना कुणी सांगितलेले नसते.

या सर्वांवर ठरावीक उत्तर मिळते, ते पैसा नसल्याचे. त्याचा विचार प्रामाणिकपणे करावयास हवा. क्रीडा हा विषय घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत गेले. म्हणून महाविद्यालयीन क्रीडेचे पालकत्व राज्याचे की केंद्राचे, विद्यापीठाचे की संस्थेचे, याबद्दल प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येते. अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिकामे असते, किंवा एकाच माणसाला प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि कारकून ही तिन्ही कामे करावी लागतात. ही अडचण खरी आहे. पण जिमखाना शुल्क किंवा क्रीडा शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतले जाते, मग तो मैदानाकडे फिरको वा न फिरको. त्या रकमेचा जमाखर्च महाविद्यालयाच्या फलकावर दरवर्षी लावला जातो काय? जो पैसा जमा होतो त्याचा हिशेब न देता, पैसा नाही असे म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. शिवाय आम्ही जे मागत आहोत, त्यांतील निम्म्याहून अधिक गोष्टींना पैसा लागतच नाही. परीक्षा पंधरा दिवसांनी पुन्हा घेण्यास किती खर्च येतो? नावांची यादी दोनदा तपासून पाहण्यास किती येतो?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळाडूंना सवलती दिल्या, तर त्यांचा गैरवापर होतो आणि शिक्षणाचा दर्जा घसरतो. हा आक्षेप निराधार नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के जागा खोट्या प्रमाणपत्रांच्या आधारे बळकाविल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. परंतु या फसवणुकीचा बळी कोण? खरा खेळाडूच. खोट्या नाण्यामुळे खऱ्या नाण्याची किंमत उतरते, म्हणून टांकसाळ बंद करावयाची नसते. आणि आम्ही वाढीव गुणांची खैरात मागत नाही. न शिकता उत्तीर्ण करावे, असे कुणीही सुज्ञ खेळाडू म्हणणार नाही. शिकण्याची आणि परीक्षा देण्याची संधी त्याला इतरांइतकीच मिळावी, एवढेच मागणे आहे. कृपेचे दहा गुण देण्यापेक्षा हक्काची एक फेरपरीक्षा देणे हे शिक्षणाच्या आणि खेळाच्या दोहोंच्या प्रतिष्ठेला अधिक शोभणारे आहे.

तेव्हा करावयास काय हवे? सर्वप्रथम, विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने अधिकृतपणे पाठविलेल्या खेळाडूचा शिबिर, प्रवास आणि स्पर्धा यांचा काळ हजेरीत आपोआप धरला जावा. त्यासाठी त्याला दारोदार फिरावे लागू नये. त्या काळात हुकलेली परीक्षा, चाचणी आणि प्रात्यक्षिके ठरावीक मुदतीत पुन्हा घेणे संस्थेवर बंधनकारक असावे, आणि मार्च-एप्रिलपर्यंत ताटकळत ठेवू नये. दुसरे, सरावापासून परतीच्या प्रवासापर्यंतच्या प्रत्येक दुखापतीला लागू होईल, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे उपचार यांचा खर्च उचलील, असा विमा विद्यापीठाने संघातील प्रत्येकासाठी उतरवावा. विद्यानगरातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला हुबळीकर आजही किम्स म्हणतात, गोकुळ रोडपासून हाकेच्या अंतरावर आहे. अशा सरकारी रुग्णालयांशी विद्यापीठांनी करार करून खेळाडूंसाठी आठवड्यातून एक दिवस जरी स्वतंत्र तपासणी ठेवली, तरी पुष्कळ गुडघे वाचतील. तिसरे, फीमाफी वा वसतिगृहाची सवलत लेखी द्यावी, अभ्यासक्रम पुरा होईपर्यंतची द्यावी, आणि खेळताना झालेल्या दुखापतीमुळे ती काढून घेता येणार नाही असे त्यातच नमूद करावे. अमेरिकेत १९७३ पासून ही सवलत एकेका वर्षापुरती करून खेळाडूंना टांगणीला लावण्यात आले. बहुवर्षीय सवलतीची मुभा तेथे २०१२ साली परत मिळाली. ती चूक आपण गिरविण्याचे कारण नाही.

चौथे, दैनिक भत्ता, प्रवासाचे आरक्षण आणि मुक्कामाची व्यवस्था यांचे किमान प्रमाण ठरवून ते प्रत्येक खेळाडूच्या हाती छापील स्वरूपात द्यावे. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील सहारनपूर येथे कबड्डीपटू मुलींचे जेवण स्वच्छतागृहात ठेवल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले आणि लाजेने मान खाली घातली. किमान प्रमाण कागदावर असते, तर निदान त्या मुलींना ते दाखवून विचारता आले असते. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक विद्यापीठात खेळाडूंनी निवडून दिलेली समिती असावी, तीत मुलींना निम्मे स्थान असावे, आणि निवड, छळ किंवा हेळसांड यांविषयीची तक्रार प्रशिक्षकाच्या वा क्रीडा संचालकाच्या हातून न जाता थेट लोकपालापर्यंत जाण्याची सोय असावी. १८ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडासंस्थांमध्ये खेळाडूंची समिती असावी आणि वाद सोडविण्यासाठी न्यायाधिकरण असावे, हे तत्त्व मान्य केले आहे. जे तत्त्व राष्ट्रीय संघटनेच्या दालनात मान्य झाले, ते विद्यापीठाच्या उंबरठ्यावर का अडावे?

हे सारे करावयास नवा कायदा येईपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. विद्यापीठांच्या विद्या परिषदा आणि व्यवस्थापन मंडळे एका बैठकीत यांतील बहुतेक गोष्टी मंजूर करू शकतात. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ काय, आमचे गोवा विद्यापीठ काय, किंवा कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ काय, जे प्रथम असा खेळाडूंचा हक्कनामा छापील स्वरूपात विद्यार्थ्यांच्या हाती देईल, त्याच्याकडे शेजारच्या विद्यापीठांना पाहावेच लागेल. ज्या कोल्हापुरात एका प्राचार्याने आपले घर गहाण ठेवले, तेथून ही सुरुवात झाली, तर तिचे औचित्य काही वेगळेच असेल. मात्र ती कुठूनही व्हावी. उशीर पुष्कळ झाला आहे.

मैदानावर उतरलेला तरुण काही मागावयास आलेला नसतो. तो आपल्या वयाची सर्वोत्तम वर्षे, आपला घाम आणि आपली हाडे संस्थेच्या नावासाठी पणाला लावीत असतो. त्याच्या विजयाची छायाचित्रे महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर झळकतात, त्याच्या पदकांनी प्राचार्यांच्या खोलीतील कपाट भरते, आणि प्रवेशाच्या हंगामात ते कपाट पालकांना दाखविले जाते. त्या कपाटाशेजारीच आणखी एक कागद टांगलेला असावा, अशी आमची अपेक्षा आहे. या संस्थेसाठी खेळणाऱ्या विद्यार्थ्याप्रत या संस्थेची कर्तव्ये कोणती, हे त्यावर लिहिलेले असावे आणि खाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे. पदकात वाटा घेणाऱ्याने वेदनेतही वाटा घ्यावयास हवा. तो घेण्याची तयारी नसेल, तर त्या विद्यार्थ्याच्या पाठीवर आपले नाव छापण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठास नाही.